वैमानिकाची विश्रांती हा प्रवाशाचाही हक्क

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक, म्हणजेच विनोबा भावे यांचे जन्मगाव, आता विमानतळापासून फार दूर राहिलेले नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातील नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. उद्या आपली मुले तिथे कंत्राटावर कामाला लागतील. बोधगया, कुशीनगरला निघालेले ज्येष्ठ उपासक-उपासिका तिथूनच पहिल्यांदा विमानात बसतील. त्यामुळे प्रवाशांच्या आरोग्याचे आणि सोयीचे सरकारी नियम हा केवळ श्रीमंतांचा विषय उरलेला नाही.

कागदावर नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तासांहून अधिक रखडले, तर कंपनीने प्रवाशांना खाणेपिणे द्यायचे असते. अंमलबजावणी मात्र घटना घडून गेल्यावर होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर व्हीलचेअर कमी पडल्याने चालत निघालेले ८० वर्षांचे प्रवासी कोसळून मरण पावले. एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड झाला, पण माणूस गेल्यावर.

डिसेंबर २०२५ मध्ये तर नियमच वाकवला गेला. थकलेला वैमानिक म्हणजे प्रवाशाच्या जिवाला धोका, म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्येच वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली होती. रात्रीच्या उड्डाणांवरही मर्यादा आणली होती. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळूनही इंडिगोने पुरेशी तजवीज केली नाही. ५ डिसेंबरला एकाच दिवशी हजाराहून अधिक विमाने रद्द झाली. सरकारने काय केले? विश्रांतीऐवजी रजा धरू नये ही अट मागे घेतली आणि रात्रीच्या कामाच्या नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. चूक कंपनीची, हाल प्रवाशांचे आणि कात्री वैमानिकांच्या विश्रांतीला!

आंबेडकरी चळवळीने हे गप्प बसून पाहू नये. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणाऱ्या १९४६ च्या दुरुस्तीचा पाया घातला. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: कुवतीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा आणि वेळेवर सुट्टी. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही, हा विचार आपल्याकडे आधीपासून आहे.

म्हणून दोन कामे हाती घेऊया. यात्रेला निघणाऱ्या प्रत्येक गटाला विहारातच प्रवाशांचे हक्क आणि ‘एअरसेवा’वर तक्रार कशी करायची हे समजावून सांगूया. आणि विमानतळावर कामाला लागणाऱ्या आपल्या तरुणांना कामाचे तास, सुट्टी व वेतन लेखी मागायला शिकवूया. विमान चालवणारा असो की व्हीलचेअर ढकलणारा, त्याला विश्रांती मिळाली तरच प्रवासी सुरक्षित राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!