आधी प्रश्न, मग वही

काशीत दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागले की अहिल्याबाई घाटानंतर मुन्शी घाट लागतो आणि त्याला लागूनच दरभंगा घाट. श्रीधर नारायण मुन्शी यांचे नाव लाभलेल्या या घाटाचा संबंध आपल्या नागपूरशी सांगितला जातो, म्हणून मराठी यात्रेकरूला तेथे थोडे घरच्यासारखे वाटते. गेल्या कार्तिकात याच घाटाच्या पायऱ्यांवर एका नावाड्यापुढे मी अवघडून उभा होतो. नौकाविहाराचे पैसे भ्रमणध्वनीवरून दिले होते. माझ्या खात्यातून ते वजा झाल्याचा संदेश आला. त्याच्या यंत्रातून मात्र पैसे जमा झाल्याची वाणी काही उमटेना. दहा मिनिटे वाट पाहून मी रोख रक्कम दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नावाडी मला शोधत आला आणि रात्री उशिरा जमा झालेले पैसे माझ्या हातात ठेवून गेला.

त्याच्या सचोटीवर स्वतंत्र लेख होऊ शकेल. पण आयुष्य बँकेच्या माहिती तंत्रज्ञान विभागात घालवलेल्या माणसाच्या मनात दुसराच विचार घोळू लागला. अशा विलंबाला कारणे अनेक असतात. मात्र एक कारण आपण स्वतःच निर्माण करतो आणि त्याविषयी आपल्या सभांमध्ये फारसे बोलले जात नाही.

बँकेचे मूळ खातेपुस्तक कोअर बँकिंगच्या संबंधाधिष्ठित डेटाबेसमध्ये असते. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेला तो विचार. माहिती एकदा तक्त्यांत नीट मांडली, की पुढे तिला कोणताही प्रश्न विचारता येतो. परंतु खात्याभोवतीच्या सेवांसाठी, म्हणजे सूचनासंदेश, मोबाइल पासबुक, प्रवेशाच्या नोंदी, तक्रारींचा प्रवास यांसाठी, आता अनेक ठिकाणी क्लाउडवरील ‘नोएसक्यूएल’ साठे वापरले जातात. यंत्रे, त्यांची देखभाल, नोंदींच्या प्रती हे सारे सेवादाता पाहतो. आपण वापराप्रमाणे शुल्क भरतो. ॲमेझॉनची २०१२ साली सुरू झालेली डायनॅमोडीबी ही त्यांतली सुपरिचित सेवा. त्या कंपनीचे मुंबईतील केंद्र २०१६ साली आणि हैदराबादचे २०२२ साली सुरू झाले.

या साठ्याचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर तीर्थोपाध्यायांची वही आठवावी. आपण गाव आणि आडनाव सांगतो. गुरुजी नेमके बाड काढतात, पाने उलटतात आणि पणजोबांची सही आपल्यापुढे येते. गाव ही पहिली किल्ली, घराणे ही दुसरी, आणि नोंदी कालक्रमाने. पण त्याच गुरुजींना विचारा, ‘अमुक वर्षी काशीला कोण कोण आले होते?’ मग सगळी बाडे उघडावी लागतील. नोएसक्यूएल साठाही असाच आहे. किल्ली ठाऊक असेल तर लक्षावधी नोंदींतून हवी ती क्षणात मिळते. नसेल तर सारा साठा चाळावा लागतो आणि चाळलेल्या प्रत्येक पानाचे पैसे पडतात. वर्षानुसार शोध हवाच असेल, तर वर्षानुसार लावलेली दुसरी वही आधीपासून ठेवावी लागते.

म्हणूनच तक्ते आधी आखायचे आणि प्रश्न नंतर विचारायचे, ही आपल्या पिढीची सवय येथे घातक ठरते. शाखेच्या पटलावर ग्राहक काय विचारतो, तक्रार कक्षाला काय लागते, लेखापरीक्षक वर्षअखेरीस काय मागतो, याची यादी आराखड्यापूर्वी हातात हवी. ती यादी संगणक विभागाने एकट्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पटलावरील लिपिकाला ती अधिक चांगली ठाऊक असते.

किल्लीची निवड चुकली की गर्दीच्या दिवशी ते कळते. डायनॅमोडीबीच्या एका विभागाला सेकंदाला सुमारे १,००० लेखन-एकके आणि ३,००० वाचन-एकके पेलतात. आजची तारीख हीच किल्ली ठेवली, तर देवदीपावलीच्या संध्याकाळी अख्ख्या देशाच्या नोंदी एकाच बाडावर येऊन आदळतील आणि शेजारची बाडे रिकामी पडून राहतील. खाते क्रमांक ही किल्ली असेल तर तीच गर्दी आपोआप पांगते.

आता पैशाचा प्रश्न. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे ‘डायनॅमो’, ज्याचे वर्णन २००७ साली शोधनिबंधातून प्रसिद्ध झाले. त्याचा मुख्य उपयोग होता दुकानातील खरेदीच्या टोपलीसाठी. टोपलीत वस्तू टाकणे कधीही अडता कामा नये, मग काढून टाकलेली एखादी वस्तू क्वचित पुन्हा टोपलीत दिसली तरी चालेल, असा तो सौदा होता. दुकानाला तो परवडतो, बँकेला नाही. आजच्या सेवेची रचना वेगळी आहे. तरीही खास मागणी केली नाही तर वाचन होते ते किंचित जुन्या प्रतीचे असू शकते. ताजे वाचन मिळते, पण त्याला दुप्पट एकके लागतात. दोन शहरांत प्रती ठेवल्या, तर सर्वसाधारण पद्धतीत जी नोंद शेवटची, ती आधीची पुसते. पासबुकाच्या जुन्या पानासाठी यात काही बिघडत नाही. ‘पैसे पोहोचले का?’ या प्रश्नासाठी मात्र बचतीपोटी जुनी प्रत वाचणे मला गैर वाटते. तसेच प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक ‘आधी नसेल तरच लिही’ या अटीने नोंदवावा, म्हणजे अधीर ग्राहकाने दोनदा कळ दाबली तरी पैसे एकदाच जातील. २०१८ पासून अनेक नोंदी एकत्र बदलण्याचीही सोय या सेवेत आहे. तरी मूळ शिल्लक कोअर बँकिंगमध्येच राहावी, या मताचा मी आहे. मला कोणी जुनाट म्हटले तरी हरकत नाही.

‘देखभाल सेवादात्याची’ या शब्दांनी आपले अधिकारी फार लवकर निर्धास्त होतात. मागील ३५ दिवसांतील कोणत्याही क्षणाची स्थिती परत मिळवण्याची सोय या सेवेत आहे, पण ती आपण सुरू करावी लागते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया केंद्रात याच सेवेचा पत्ता सांगणारी नोंद स्वयंचलित यंत्रणेच्या दोषामुळे रिकामी झाली. साठा जागेवर होता, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटच उरली नाही, आणि जगभरातील असंख्य सेवा तासन् तास कोलमडल्या. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयकांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला आणि २०२३ च्या निर्देशांत काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच राहते हे स्पष्ट केले. ग्राहक सेवादात्याचे नाव जाणत नाही. तो आपल्या शाखेत येतो.

एक छोटी सूचना मी विभागाकडे लेखी दिली आहे. मोबाइल पासबुकात शिलकेखाली ‘ही माहिती अमुक वाजताची’ अशी एक ओळ असावी आणि व्यवहार प्रलंबित असेल तर तसे मराठीत, हिंदीत, ग्राहकाच्या भाषेत लिहिलेले असावे. त्या संध्याकाळी मुन्शी घाटावर दोन्ही पडद्यांवर एवढी एक ओळ असती, तर मी दुसऱ्यांदा पैसे दिले नसते आणि त्या नावाड्याला सकाळच्या फेऱ्या सोडून मला शोधत फिरावे लागले नसते.