आतडे काढले, मग हा दाह कुठला?

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या अस्तराचा विकार. मोठे आतडेच काढून टाकले म्हणजे आजार मुळासकट गेला, अशी समजूत असते आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. तथापि शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्षाने शौचाच्या फेऱ्या पुन्हा वाढतात, पोटात कळा येतात, तेव्हा भोकरदनचे असो वा मंठ्याचे, घरातल्या साऱ्यांचाच धीर खचतो. ‘जुने दुखणे परतले’ असे म्हणून जुन्याच चिठ्ठीवरच्या गोळ्या आणल्या जातात. या घाईबद्दल आज थोडे सांगायचे आहे.

मोठे आतडे व गुदाशय काढल्यावर लहान आतड्याचे शेवटचे टोक दुमडून त्याची पिशवी शिवतात आणि ती गुदद्वाराला जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स या शल्यविशारदांनी १९७८ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. या पिशवीला डॉक्टर ‘पाऊच’ म्हणतात. पाऊच असलेल्या माणसाला दिवसाकाठी चार ते आठ वेळा शौचास जावे लागणे स्वाभाविक आहे; ते जुलाब नव्हेत. मात्र या पिशवीच्या अस्तराला सूज येऊ शकते. तिचे नाव पाऊचायटिस. पाऊच असलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना आयुष्यात केव्हातरी तिचा अनुभव येतो.

अडचण अशी, की फेऱ्या वाढल्या म्हणजे सूज आहेच असे नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या वैद्यांनी २००१ साली तक्रारी असलेले पाऊचचे रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतील जवळपास निम्म्यांना पाऊचायटिस नव्हताच. काहींची पिशवी केवळ चिडचिडी झालेली असते, काहींना जंतुसंसर्ग असतो, तर काहींच्या बाबतीत जोडाजवळ उरलेल्या जुन्या अस्तराच्या पट्टीला सूज असते. बाहेरून तक्रारी सारख्याच, उपचार मात्र निरनिराळे. न मोजता सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोलचे कोर्स वारंवार घेतले, तर खरी गरज पडेल तेव्हा ती औषधे निष्प्रभ ठरण्याची भीती असते.

मग मोजायचे कसे? अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९४ साली एक गुणपद्धती मांडली. तक्रारी, दुर्बिणीतून दिसणारे अस्तर आणि काढलेल्या तुकड्याची तपासणी, यांना प्रत्येकी सहा गुण. एकूण अठरापैकी सात किंवा अधिक झाले तर पाऊचायटिस. यातली एक बाब आपल्या घरच्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. फेऱ्यांचे गुण देताना दुसऱ्या कुणाशी तुलना करीत नाहीत; त्याच रुग्णाच्या शस्त्रक्रियेनंतर स्थिरावलेल्या नेहमीच्या आकड्याशी करतात. एक-दोन फेऱ्या वाढल्या तर एक गुण, तीन वा अधिक वाढल्या तर दोन. तो नेहमीचा आकडाच ठाऊक नसेल, तर डॉक्टर तरी काय मोजणार? म्हणून प्रकृती स्थिर असतानाच पंधरा दिवसांच्या फेऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवाव्यात.

दर वेळी दुर्बिणीसाठी छत्रपती संभाजीनगर गाठणे प्रत्येकाला शक्य नसते. अशा वेळी शौचाच्या नमुन्यातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी उपयोगी पडते. सूज असेल तिथे पांढऱ्या पेशी जमतात आणि त्यांच्यातील हे प्रथिन मळात उतरते. अहवालात ते मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम असे येते. पाऊच असलेल्या व्यक्तीत ते थोडे अधिक असणे संभवते, त्यामुळे अहवालावर छापलेली सर्वसामान्य मर्यादा पाहून घाबरू नये. एका आकड्यापेक्षा आधीच्या आकड्याशी केलेली तुलना अधिक बोलकी. हे प्रथिन साधारण तपमानाला काही दिवस टिकते खरे. पण मे महिन्यातल्या जालन्याच्या उन्हाला साधारण तपमान म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. नमुना थंड डब्यातून आणि लवकर पोचवावा.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अंगदुखीसाठी मेडिकलमधून सहज आणल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी हा आकडा वाढतो आणि पाऊचलाही इजा होऊ शकते. कापूस वेचणीच्या दिवसांत पाठ धरली म्हणून घेतलेली गोळीही डॉक्टरांना सांगावी, ती क्षुल्लक समजू नये.

ताप, रक्तस्राव, किंवा लघवी कमी होऊन गळून गेल्यासारखे वाटणे, यांपैकी काही असेल तर नमुन्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. मोठे आतडे नसलेल्या शरीरातून पाणी आणि मीठ झपाट्याने जाते. जाताना शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, आधीचे अहवाल आणि ते कॅलेंडरचे पान सोबत घ्यावे.