उजनीला समुद्राचं रीळ कशाला?

मंडळी, बारामतीचा भाचा सध्या गळाच्या नादात आहे. त्याचा प्रश्न, "मामा, उजनीसाठी समुद्राचं महाग स्पिनिंग रीळ घेऊ?"

माझं मत... नको!

त्यातले जास्तीचे पैसे मिठापासून बचावासाठी असतात. बेअरिंग गंजू नये म्हणून खास धातू, आत पाणी जाऊ नये म्हणून सील. मालवणच्या किनाऱ्यावर ते हवंच. पण १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीचं, इंदापूर तालुक्यात पसरलेलं पाणी भीमेचं, गोडं. इथे त्रास गाळाचा आणि वाळूचा. त्याला ओलं फडकं आणि थेंबभर तेल पुरतं.

म्हणून कसलंही स्वस्त उचलू नका हं. मासा ओढू लागला की तंगूस बेताने सोडतो तो ड्रॅग. दुकानातच हाताने ओढून बघा, झटके नकोत. कटला धावला आणि ड्रॅग अडकला तर तंगूस तुटणार, आणि तो मुका जीव तोंडात गळ घेऊन फिरणार... मला ते जास्त लागतं.

वाचलेल्या पैशांत चांगला तंगूस घ्या. कधी कोकणात नेलंच, तर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुऊन सुकवा.

असो. तुमचं काय मत?