साडेनऊचं ऊन

निवृत्त होऊन तीन महिने होतील आता. भाईंदर पूर्वेला आम्ही राहायला आलो ते २००२ साली, इथे महानगरपालिका झाली त्याच वर्षी. तेव्हापासून सव्वासातची चर्चगेट लोकल आणि घरी परतेपर्यंत दिवेलागण उलटून गेलेली. रविवार कपडे, निवडणं-टिपणं आणि पाहुण्यांत संपायचा. स्वतःच्या घरात साडेनऊला ऊन कुठे येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

ते स्वयंपाकघरात येतं. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून, जेमतेम वीस मिनिटं. आधी ओट्याच्या कडेवर, मग मिसळणाच्या डब्यावर, शेवटी तांब्याच्या कळशीवर. कळशीवर पडलं की वर छताला एक केशरी कवडसा लागतो. खाली रस्त्यावरून रिक्षा धडधडत गेली की तोही थरथरतो. मी पोळपाट बाजूला सारून बघत राहते. पोळ्या पाच मिनिटं उशिरा झाल्या तर कोणाचं काही अडत नाही आता.

गाडीनेही मला पुष्कळ दिलं, ते नाकारणार नाही. दहिसर सोडलं की खाडीचा खारा वारा आत यायचा, मिठागरं दिसायची, दिवसभराचा शीण तिथेच निम्मा उतरायचा. पण ते सगळं धावतं होतं. एका जागी उभं राहून बघायचं ते घरातच.

फेब्रुवारीत गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला काहीतरी कचरा लोंबताना दिसला. काढायला हात पुढे केला आणि तेवढ्यात शिंजिराची मादी येऊन त्यावर बसली. अंगठ्याएवढा जीव, पिवळसर पोट, बाकदार चोच. चोचीत पांढरं काही होतं. नीट पाहिलं तर जळमट! दर रविवारी मी कुंचा घेऊन जी कोपऱ्याकोपऱ्यातून ओढून काढायची, तीच जळमटं ही बाई दोरीला गुंडाळत होती. कोळ्याचा धागा चिकटतो आणि ताणतोही, म्हणून सगळं घरटं त्यावर तोललेलं. त्यात वाळकं गवत, सालपटं, कापसाचे तंतू. दाराशी चक्क छोटासा छज्जा. बांधणं, अंडी उबवणं सगळं तिचंच. नर उन्हात जांभळा-निळा चमकत समोरच्या ग्रिलवर बसून गात असायचा. आमच्या जास्वंदीच्या मिटलेल्या पाकळ्यांना बुडाशी बारीक छिद्रं का पडतात, हेही तेव्हाच कळलं. फुलाच्या तोंडातून मध मिळत नसला की तो सरळ देठापाशी चोच खुपसतो.

दोन अंडी होती. दोनेक आठवड्यांनी पिल्लं बाहेर आली आणि मग दोघांचीही धावपळ सुरू झाली. पिल्लांना मधावर भागत नाही. किडे लागतात, कोळी लागतात. म्हणजे ज्याच्या जाळ्यावर घर उभं, तोच ताटात. गॅलरीतले कोपरे मी तेव्हापासून झाडलेले नाहीत.

शेजारच्या बेन रोज सकाळी दार वाजवून विचारायच्या, "बच्चे कैसे हैं?" आमच्या 'ह्यांनी' तर गॅलरीचं दार उघडताना कडीला हात लावून ठेवायची सवय लावून घेतली, आवाज होऊ नये म्हणून. उत्तनहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना मी घरटं दाखवलं, तर त्यांनी पाटी खाली ठेवली, पदर सावरला आणि कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. जाताना मुळ्याची एक जुडी जास्त दिली.

एका सकाळी एक पिल्लू छज्ज्यावर आलं, दोनदा पंख फडफडवले आणि थेट जास्वंदीत जाऊन पडल्यासारखं बसलं. दुसरं दुपारपर्यंत घाबरत राहिलं. चार वाजता तेही गेलं. मी चहा टाकला होता, तो उतू गेला.

घरटं अजून तसंच आहे, जरासं कललेलं. कपडे आम्ही बेडरूममध्येच वाळत घालतो.