आधी कुठे अडलंय ते विचारा
वहीतलं गणित अडलं की मुलं उत्तर मागतात आणि आपण ते लगेच देऊन टाकतो. मला ही मदत वाटत नाही. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रातलंच उदाहरण घ्या: ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून पाणी किती तयार होईल? बरीच मुलं बेरीज करून २० ग्रॅम लिहितात. नुसतं ‘१८’ सांगितलं तर आकडा खोडून नवा लिहिला जातो, गैरसमज तसाच राहतो. ‘आधी काय संपेल?’ एवढंच विचारलं, की मुलगी ग्रॅमचे मोल करायला घेते: हायड्रोजन २ मोल, ऑक्सिजन अर्धाच. मग २ ग्रॅम हायड्रोजन उरतो हे तिचं तिलाच दिसतं. तो क्षण तिच्याकडून हिरावून घेऊ नये. भौतिकशास्त्रात, वर फेकलेल्या चेंडूचं त्वरण सर्वोच्च बिंदूवर शून्य असतं असं हुशार मुलंही ठामपणे सांगतात. तिथेही ते खालच्या दिशेने ९.८ मी/से² च असतं. कॅल्क्युलसमध्ये तर अडचण अनेकदा इंटिग्रेशनची नसतेच, अकरावीत घाईने उरकलेल्या त्रिकोणमितीची असते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ सालच्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात शिक्षकांना असेच प्रश्न विचारायला शिकवलं: काय शोधायचंय, काय दिलंय. शिकवणीच्या सरांकडे किंवा सिनियरकडे जाताना मुलांनी कोरी वही नेऊ नये. खाडाखोडीसकट अर्धवट सोडवलेलं गणित न्यावं. चूक कोणत्या ओळीत शिरली ते सांगणाऱ्याला तिथेच सापडतं.