डोंगराचा माथा राखून भागेल काय?

मे महिन्यात घाट चढून महाबळेश्वरला पोहोचले, की हवा गार लागते. याचे कारण शाळेत शिकवले जाते. उंच जावे तसा हवेचा दाब कमी होतो, वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. साधारणपणे दर १००० मीटर चढाला तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने उतरते. हा नियम परीक्षेपुरता पाठ करून विसरण्यासारखा नाही. सह्याद्रीच्या जंगलाचे भवितव्य त्याच्याशी बांधलेले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, डोंगर म्हणजे एक जिना आहे असे समजा. कोकणातल्या पायथ्याशी साग, ऐन, किंजळ अशी पानगळीची झाडे दिसतात. वर जावे तसे रान बदलत जाते. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा यांचे ठेंगणे, सदाहरित, शेवाळाने मढलेले जंगल आहे. पाऊसही जागोजागी बदलतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जेमतेम २० किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास! प्रत्येक पायरीचे हवामान वेगळे, म्हणून तिथले रहिवासीही वेगळे. पश्चिम घाटात सपुष्प वनस्पतींच्या ७००० हून अधिक जाती आढळतात. तिथल्या उभयचर प्राण्यांच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक जाती तर जगात दुसरीकडे कोठेच नाहीत.

आता थोडे गणित करू या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी तुलना करता पृथ्वीचे सरासरी तापमान आजवर १ अंशाहून अधिक वाढले आहे. १००० मीटरला ६ अंश, तर १ अंशाला किती? सुमारे १६५ मीटर. म्हणजे पूर्वीइतकाच गारवा हवा असेल, तर एखाद्या जातीला तेवढे वर सरकावे लागेल. हिमालयात वृक्षरेषेच्या वरही पर्वत हजारो मीटर उंच गेलेला आहे. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई मात्र १६४६ मीटरचेच. जी जात आधीच माथ्यावर राहते, तिने कोठे जावे? वर फक्त आकाश आहे.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात पांतियाकोया नावाचा एक डोंगर आहे. त्याचा माथा सुमारे १४०० मीटर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरइतकाच उंच. तिथल्या पक्ष्यांची पाहणी १९८५ मध्ये झाली होती. ती २०१७ मध्ये पुन्हा करण्यात आली. मधल्या काळात तापमान अर्ध्या अंशाहूनही कमी वाढले होते. तरीही बहुतेक पक्षी वर सरकले होते आणि पूर्वी माथ्यावर सहज दिसणाऱ्या काही जाती तिथून नाहीशा झाल्या होत्या.

पक्षी उडून वर जातो. झाडाला पाय नाहीत. झाड सरकते ते बीच्या रूपाने, पिढ्या-पिढ्यांनी. ते बी वाहून नेतात धनेश, हरियल, उदमांजर असे प्राणी. त्यांना वाटेत फळे हवीत आणि धनेशाला तर घरट्यासाठी ढोली असलेला जुना, मोठा वृक्ष हवा. मधला उतार बोडका झाला, प्लॉट पाडून विकला गेला, रस्त्यांनी चिरला, की जिन्याच्या मधल्या पायऱ्या तुटल्या. मग वर जागा शिल्लक असूनही तिथपर्यंत कोणी पोहोचू शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की नुसता माथा राखून भागणार नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जंगलाचे सलग पट्टे राखले पाहिजेत. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत आपली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे आहेत. हे मोलाचे आहेच. पण त्यांना जोडणारे साधे, नाव नसलेले उतारही तितकेच मोलाचे मानायला हवेत.

यावर कोणी म्हणेल, उतारावर माणसे राहतात, त्यांनी काय करावे? प्रश्न रास्त आहे. सह्याद्रीतील बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे. पाणी, माती आणि सावली साऱ्या समाजाला मिळते. मग रान न तोडण्याची झळ एकट्या मालकाने का सोसावी? त्याला मोबदला मिळाला पाहिजे. दुसरे कोणी म्हणेल, दरवर्षी वृक्षारोपण होतेच की! पण गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीच्या एकसुरी रांगा म्हणजे जंगल नव्हे. त्यांत धनेशाला खायला फळ नाही. कातळाच्या सड्यावर खड्डे खणून झाडे लावणे तर तिथल्या इवल्या फुलझाडांच्या मुळावरच येते. जे रान उभे आहे ते राखणे, तुटलेल्या जागी स्थानिक झाडांना आपोआप वाढू देणे, हे जास्त स्वस्त आणि जास्त खात्रीचे.

यात शाळांनाही काम आहे. गावोगावच्या देवराया या त्या जिन्याच्या जुन्या, शाबूत पायऱ्या आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. तुमच्या देवराईत कोणती झाडे आहेत, त्यांची खाली नवी रोपे उगवतात की नाही, जांभूळ कोणत्या तारखेला फुलले, हे दरवर्षी वहीत टिपून ठेवा. पायथ्याच्या एका शाळेने आणि घाटमाथ्यावरच्या एका शाळेने मिळून अशी नोंद वीस वर्षे ठेवली, तर ती कोणत्याही शास्त्रज्ञाला हवीशी वाटेल. पांतियाकोयाची गोष्ट आपल्याला कळली, ती १९८५ मध्ये कोणीतरी काळजीपूर्वक नोंदी केल्या म्हणूनच.