दुकानदार ‘फॉरमॅट’ म्हणाला तेव्हा

आमच्या भाचीचा लॅपटॉप एका सकाळी चालूच होईना. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ अशी अक्षरे यायची, मशीन बंद पडायचे, पुन्हा तेच. आत तिच्या शिष्यवृत्तीचे कागद होते आणि तिच्या मरहूम अब्बांचे फोटो, जे दुसरीकडे कुठेच नव्हते. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला, “फॉरमॅट मारावा लागेल, आतले काही राहणार नाही.” आपा तो लॅपटॉप ओढणीत गुंडाळून आमच्याकडे घेऊन आल्या.

विंडोज बिघडली म्हणजे डिस्कवरच्या फायली गेल्या, असे नसते. मशीन पेनड्राइव्हवरून दुसऱ्या प्रणालीने सुरू केले, तर आतल्या फायली बहुधा दिसतात. असा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सोयीला ‘स्टार्टअप डिस्क क्रिएटर’ म्हणतात. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटूची हलकी आवृत्ती आहे, त्यात ती सोय नव्हती. चित्रांचे दुकान उघडायला मशीन इतका वेळ घेई, की आम्ही सरळ टर्मिनलची काळी खिडकी उघडली. दोनच ओळी. पहिली ‘सुडो ॲप्ट अपडेट’. दुसरी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल यूएसबी-क्रिएटर-जीटीके’. टंकायच्या मात्र इंग्रजी लहान अक्षरांत, आणि जोडरेघ विसरायची नाही. पहिल्या ओळीने उपलब्ध सामानाची यादी ताजी होते, दुसरीने हवी ती वस्तू उबुंटूच्याच कोठारातून येते. इंटरनेटवर शोधत कुठलीही भलतीसलती प्रत उतरवून घ्यावी लागत नाही.

‘सुडो’ पासवर्ड मागते तेव्हा पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला समजून आम्ही पहिल्यांदा खिडकीच बंद केली होती! न दिसणारा पासवर्ड टंकून एंटर दाबायचे, एवढेच.

उबुंटूची मूळ फाइल सहा जीबीच्या आसपास असते. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, पण आमच्या घरात मोबाइलची रेंज खिडकीपाशीच मिळते. तेव्हा ती फाइल शहापूरला मेहुण्यांच्या वायफायवर उतरवून आणली.

आता चूक सांगतो. पेनड्राइव्ह बनताना त्यावरचे सगळे पुसले जाते. पडद्यावर तशी सूचना आली, घाईत आम्ही ‘हो’ म्हटले, आणि सहावीच्या उर्दू प्रश्नपत्रिका गेल्या. म्हणून आधी टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ एवढेच टंकून पाहावे. सगळ्या डिस्क आकारासह दिसतात. आठ जीबीचा पेनड्राइव्ह तिथे थोडा कमी, साडेसातच्या आसपास दिसतो, आणि पाचशे जीबीची डिस्क वेगळी ओळखू येते. पेनड्राइव्ह म्हणून चुकून बाहेरची मोठी डिस्क निवडली, तर नुकसान प्रश्नपत्रिकांवर थांबत नाही.

लॅपटॉप सुरू होताना एफ १२ दाबला, बूटची यादी आली. काही कंपन्यांत एफ ९ किंवा एस्केप असतो. यादीत पेनड्राइव्ह निवडला. पुढे उबुंटू विचारते, वापरून पाहायचे की बसवायचे? ‘वापरून पाहा’ हेच निवडावे, ‘बसवा’ला हात लावू नये. आपा बाजूला तसबीह घेऊन बसल्या होत्या, बोलत काही नव्हत्या.

फायलींच्या खिडकीत जुनी डिस्क दिसली. नव्या लॅपटॉपांत डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असले तर रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड घरात लिहून ठेवा. भाचीच्या मशीनला कुलूप नव्हते. ‘यूजर्स’मध्ये तिच्या नावाचा फोल्डर, त्यात कागद, त्यात फोटो. सगळे दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवले. एक फोटो उघडला, ईदचा. दुल्हाभाई दारात उभे होते. आपांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “आता फॉरमॅट मारू दे त्याला.”